फ्लेका सापडल्याचे वर्तमान

वरचे स्कार्ड,
मंगळवार, जेवणे झाल्यावर

ती. हाल्डोराताईस,

धाकट्या केतिलचा नमस्कार. परमेश्वराच्या दयेने इकडे सर्वांचे बरे आहे, गाडीचे पुढचे एक दार सोडून. त्याविषयी पुढे ओघाने येईलच. तुझा नवा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितले तितकेच चालतेस, की तुझ्या मनाला येईल तितके? (उत्तर देऊ नकोस. नर्सबाई काठी घेऊन तुझ्या मागे धावत होत्या आणि काठी तुझीच होती, हे ऑडनीने मला कळवले आहे.) ऑडनीला मामाचे आशीर्वाद सांग. तिने तुझ्यासाठी पाहिलेल्या घराला लिफ्ट आहे, खिडकीतून समुद्र दिसतो आणि खालीच पावाचे दुकान आहे, हे मी तुझ्या लेकीकडून इतक्या वेळा ऐकले आहे, की ते घर मला आता स्वप्नातसुद्धा पत्त्यासकट दिसते.

फोन न करता पत्र का, असे तू म्हणशील. फोनवर तू मला ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस आणि मी घाबरून मुद्दा विसरतो. पत्रात मधेच तोडता येत नाही. तरी तू श्वास रोखून वाचत बसू नयेस म्हणून मुद्दा वरच लिहितो : फ्लेका सापडली. मी हे लिहितो आहे तेव्हा ती आपल्या मेंढवाड्यात उभी राहून गवत खाते आहे आणि बाकीच्या मेंढ्यांना त्यांची पायरी दाखवून देते आहे.

शहरात जाताना अंगणात उभी राहून तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. ‘फ्लेका डोंगरावरून उतरली तर मी परत येईन. नाही उतरली तर समजेन, देवानं मला रजा दिली. मग कळप जो नेईल त्याला देऊन टाक, ब्रागीलासुद्धा.’ ब्रागीलासुद्धा, हे तुझ्या तोंडून ऐकले तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला कळले. खालच्या स्कार्डच्या त्या माणसाशी तू कुंपणाच्या भांडणापासून एक शब्द बोललेली नाहीस. त्याच्या मेंढ्याने कुंपण ओलांडले की आपल्या फ्लेकाने त्याला बोलावले, यावर तुम्ही दोघांनी देवळाच्या दारात जो वाद घातला तो ऐकून पाद्रीबाबांनी प्रवचन आखडते घेतले होते. पुढे त्यांनीच मध्ये पडून त्यातून फ्लेकाला झालेले कोकरू ब्रागीला देवविले, म्हणजे भांडण मिटेल. आणि भांडण त्या कोकरासारखेच वाढत गेले. असो. भावजी गेल्यापासून कळपाच्या पुढे फ्लेका आणि मागे तू, अशीच ही वाडी चालली. म्होरकी वादळ आधी ओळखते, ती नसेल तर कळप म्हणजे नुसती लोकर, असे भावजी म्हणत. तेव्हा तुझे म्हणणे मला कळत होते. पटत नव्हते, इतकेच.

उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या सोडलेल्या सगळ्यांच्या मेंढ्या पहिल्या फेरीत उतरल्या त्या दिवशी मी इथे नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. सहलीचे आठ परदेशी पाहुणे छोट्या गाडीत घालून देशाभोवतीच्या रस्त्याला लागलो होतो. आपल्या मेंढ्या ब्रागीने स्वतःच्या मेंढ्यांबरोबर उतरवल्या, आत सोडल्या, फाटक लावले आणि कोणाशी न बोलता निघून गेला. (बोलणार कोणाशी? तू शहरात आणि मी गाडीत.) फ्लेका त्यांत नाही ही बातमी मला दक्षिण किनाऱ्यावर कळली. त्या दिवशी मी पाहुण्यांना सांगताना एका हिमनदीचे नाव दुसरीला दिले, आणि त्यांनी ते लिहून घेतले. देव क्षमा करो.

पाहुण्यांपैकी तिघांची ओळख तुला करून देणे भाग आहे, कारण बाकीचे पाच शांतपणे फोटो काढत राहिले. पहिल्या ओदिलबाई. फ्रान्सात न्यायाधीश होत्या, आता निवृत्त आहेत, पण पाहण्यावरून तसे वाटत नाही. दुसरा अमेरिकेतला वॉल्टर, दातांचा डॉक्टर. तिसरे मोरिमोतो नावाचे एक म्हातारे जपानी गृहस्थ, जे काही न बोलता वहीत चित्रे काढतात. वॉल्टर दुसऱ्याच दिवशी माझ्यावर रुसला. गरम पाण्याच्या तलावात उतरण्यापूर्वी सगळे कपडे काढून साबणाने अंघोळ करायची असते, हे मी त्याला सांगितले होते. त्याला वाटले मी थट्टा करतो. तो चड्डीसकट कोरडाच निघाला, आणि तिथल्या राखणदार आजींनी त्याला कानाला धरावे तसे परत आत पाठवले. ‘पोरा, हे पाणी सगळ्यांचं आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या. पोरगा साठीचा आहे. त्यानंतर तो माझ्याशी फक्त हवामानाविषयी बोलत असे, आणि तेही मीच आणले असल्यासारखे.

आता दाराविषयी. मी रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी मनात प्रार्थना म्हणतो आणि मग मोठ्याने पाहुण्यांना सांगतो, की आपल्या देशात माणसे लाव्हारसाने मरत नाहीत, पण गाड्यांची दारे वाऱ्याने जातात. दार उघडण्याआधी वाऱ्याला विचारावे, आणि मग दोन्ही हातांनी उघडावे. हे मी इतक्यांदा सांगितले, की पूर्वेकडच्या खाड्यांपर्यंत पोचेतो त्याची आरतीच झाली. मी म्हणे, ‘दार कसं उघडायचं?’ आणि ओदिलबाईंच्या मागोमाग सगळे एका सुरात म्हणत, ‘दोन्ही हातांनी.’ आपल्या रविवारच्या मंडळीतसुद्धा इतका एकजीव प्रतिसाद मी ऐकलेला नाही.

काल दुपारी आम्ही पठारावरून येत होतो. काळी वाळू, वारा पाठीशी, आणि जोकुल्सा नदीचा पूल अजून पुढे. तिथे रस्ता अडलेला. दुसऱ्या फेरीच्या मेंढ्या उतरत होत्या, घोड्यांवर माणसे, मागे कुत्रे, आणि सगळ्यांच्या पुढे थोर्गेर्दा. (डोंगरावरून मेंढ्या उतरवणाऱ्यांची मुख्य यंदाही तीच आहे. आवाज अजून तसाच, कुत्र्यांना शीळ घातली की घोडेसुद्धा थांबतात.) पाहुणे आनंदले. मी मनातल्या मनात एक जुने भजन गुणगुणत मेंढ्या जाऊ देत होतो. तेवढ्यात त्या लोकरीच्या पुरातून एक डोके वर आले. काळे, कपाळावर पांढरा पट्टा, डावे शिंग किंचित बाहेर गेलेले. चारी पायांत पांढरे मोजे. सगळ्या मेंढ्या रस्त्याने चालल्या होत्या आणि ही एकटी कडेच्या उंचवट्यावरून, वाऱ्याकडे तोंड करून, बाकीच्यांना रस्ता कळतो का ते पाहत होती.

ताई, मी दार उघडले. एका हाताने.

आवाज फार मोठा झाला नाही. दार पुढे गेले, आणखी पुढे गेले, आणि कोंबडीचा पंख उलटावा तसे पुढच्या चाकावर जाऊन टेकले. मग मागून ओदिलबाईंचा आवाज आला, अगदी सौम्य, निकाल वाचावा तसा : ‘दोन्ही हातांनी.’ आणि बाकीच्या सातजणांनी तो एका सुरात पुन्हा म्हटला.

मी तोवर मेंढ्यांत शिरलो होतो. थोर्गेर्दाला मी सांगितले की ही आमची, हाल्डोराची फ्लेका, हिला मी इथूनच नेतो. ती म्हणाली, जरूर ने, खाली मालकवार मेंढ्या वेगळ्या करताना तेवढीच एक कमी निवडावी लागेल, पण कानाची खूण बघून ने. मेंढीच्या कानात मालकाचा बिल्ला नव्हता, कुठेतरी काट्याकुट्यात तुटून गेला असावा. मी उजवा कान पाहिला. टोक छाटलेले, खाली एक खाच, आपलीच खूण. थोर्गेर्दा म्हणाली, ‘आणि डावा?’ तेव्हा मी जे बोललो ते आता लिहिताना तितकेसे बरे वाटत नाही. मी म्हणालो, ‘हिला मी आईच्या आचळाला असल्यापासून ओळखतो, थोर्गेर्दा. माणूस आपल्या बहिणीला भेटल्यावर तिचं ओळखपत्र मागतो का?’ तिने खांदे उडवले. ‘बहीण तुझी, गाडी तुझी,’ म्हणाली, आणि दाराकडे पाहत पुढे म्हणाली, ‘आणि तेही तुझंच ना?’

तुझ्या मनात पहिली शंका कोणती आली असेल ते मला कळते. नाही, नदी ओलांडली नव्हती. फ्लेका पुलाच्या अलीकडे सापडली. पलीकडे सापडली असती तर रोग पसरू नये म्हणून केलेल्या कायद्याने ती नदीच्या अलीकडे परत आणता आली नसती, तिकडेच खाटकाकडे द्यावी लागली असती. मी पुलाच्या लोखंडाकडे पाहिले, फ्लेकाकडे पाहिले आणि टोपी काढली. दार मेंढ्या बांधण्याच्या दोरीने बांधले. मग पाहुण्यांना सांगितले, की आपण पूल न ओलांडता नदीच्या या काठाने उत्तरेला जाणार आहोत. हे खोटे नव्हते. या काठानेही मोठा धबधबा दिसतो. हा रस्ता आपल्या घरीही जातो, हे मी धबधबा झाल्यावर सांगायचे ठरवले.

मेंढी गाडीत कुठे बसवायची हा प्रश्न होता, पण तो तिनेच सोडवला. ती आत चढली, मधल्या वाटेने गेली आणि मोरिमोतोंच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मोरिमोतोंनी आपला डबा उघडून तिला एक राय धान्याचे बिस्कीट दिले, तिने ते खाल्ले, आणि त्यापुढचा सगळा रस्ता ती दोघे एकाच खिडकीतून बाहेर पाहत होती. डावा कान त्यांच्या बाजूला होता. हे मी केवळ माहिती म्हणून लिहितो.

वॉल्टर मात्र उठून आला. मेंढी आजारी नाही ना, असे त्याने विचारले (तलावानंतर हवामानाखेरीज पहिल्यांदाच), आणि परवानगी न घेता तिचा ओठ वर केला. लगेच त्याचा चेहरा पडला. अतिशय हळू आवाजात, नातेवाइकांना सांगावे तसे त्याने मला सांगितले, की वरचे पुढचे दात एकही उरलेले नाहीत. मेंढीला वरचे पुढचे दात मुळातच नसतात, हे त्याला समजावण्यात बराच वेळ गेला. मग त्याने खालचे पाहिले आणि म्हणाला, की खालचे मात्र फार सुंदर आहेत, घट्ट आणि सरळ, ही तर तरुण आहे. मी हसलो. फ्लेका किती म्हातारी आहे ते तुला ठाऊक आहे, मागच्या हिवाळ्यात तू तिला गवत हाताने मऊ करून देत होतीस. पण मला वाटले, पठारावरचे गवत, स्वच्छ पाणी आणि परमेश्वराची कृपा, यांनी काय होत नाही? वॉल्टरला मी तसे सांगितलेही. तो म्हणाला की त्याच्या धंद्यात कृपेने दात परत येताना त्याने पाहिलेले नाहीत. अविश्वासू माणूस. पण त्या दातांवरून आमचा अबोला सुटला हेही खरे.

संध्याकाळी घरी पोचलो. इथवर आल्यावर त्या दाराने पुढे जाणे शक्य नव्हते, म्हणून सहलीच्या कंपनीच्या मालकीणबाईंना फोन केला. दुसरी गाडी येईतो पाहुणे इथेच राहतील असे ठरले. आपल्या मेंढवाड्याचे दार उघडले तेव्हा फ्लेका जणू कालच गेली होती अशा थाटात आत गेली आणि खिडकीखालच्या तिच्या जागी जाऊन उभी राहिली. मी देवळात जाऊन दोन मेणबत्त्या लावल्या. ओदिलबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारले, शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू ते हेच का? मी म्हणालो, अगदी हेच.

तर ताई, शुक्रवारी त्या लिफ्टच्या घराच्या कागदांवर सही करू नकोस. फ्लेका उतरली आहे. तू शब्द दिलेला आहेस, आणि आपल्या घरात दिलेला शब्द कधी मोडलेला नाही. हे पत्र ओदिलबाई शहरात स्वतः आणून तुझ्या हातात देतील. त्यांना मटण वाढू नकोस, त्यांचे आता मेंढीशी नाते जुळले आहे.

तुझा भाऊ,
केतिल

ता. क. बुधवार सकाळ. पाहुण्यांना तुझ्या चांगल्या चादरी दिल्या आहेत. नाताळसाठी धुरावलेले मटण अर्धे संपले. निळ्या कपांपैकी एक आता कप राहिलेला नाही. ही तिन्ही वाक्ये मी मुद्दाम सहीच्या खाली लिहितो आहे, कारण वर फ्लेकाचा आनंद होता आणि तो विरजू नये असे वाटले.

ता. क. २. तासाभरापूर्वी ब्रागी आला होता. थोर्गेर्दाकडून त्याला कळले असावे. त्याने मला नमस्कार केला नाही, मेंढवाड्यात गेला, मेंढीचा डावा कान दोन बोटांत धरला आणि मला जवळ बोलावले. डाव्या कानाच्या मागल्या बाजूला खाच आहे. ताई, आपल्या खुणेत डाव्या कानाला मागे खाच नाही. दोन्ही वाड्या एकेकाळी एकच होत्या म्हणून उजवा कान सारखा. डावा कान खालच्या स्कार्डचा. ही त्याची मेंढी आहे. फ्लेकाची लेक, पाद्रीबाबांनी देवविलेले तेच कोकरू. त्याची म्होरकीही पहिल्या फेरीत उतरली नव्हती, पण हे त्याने कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

मी म्हणालो, चूक झाली, कपाळ अगदी तेच होते. तो म्हणाला, ‘कपाळावरून मेंढ्या न्यायच्या तर कान कशाला कापायचे?’ हरवलेले मेंढरू मेंढपाळाने आनंदाने खांद्यावर घेतले असे शुभवर्तमानात आहे, पण घेण्याआधी त्याने दोन्ही कान पाहिले होते का, ते लिहिलेले नाही. वॉल्टर दारात उभा होता. त्याने फक्त स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली.

वरचे पत्र फाडून दुसरे लिहावे असे मनात आले होते. पण मग मी काय लिहिणार? फ्लेका उतरली नाही. तिसऱ्या फेरीतही उतरेल असे थोर्गेर्दाला वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. तिचे वय झाले होते, आणि डोंगर तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त ओळखत होता. तुझ्या शब्दाप्रमाणे तू मोकळी आहेस. हे लिहिणे माझे कर्तव्य होते. लिहिले.

ता. क. ३. कळप देण्याचे मी ब्रागीला विचारले. तू सांगितले होतेस, ‘ब्रागीलासुद्धा’, तेच शब्द मी वापरले. तो म्हणाला की त्याला नकोत. जागा आहे का, तर आहे. गवत आहे का, तर आहे. मग का नको? तर म्हणे, ‘त्या बाईच्या मेंढ्या तिनं पाळाव्यात. मी काय तिचा गडी आहे?’ मी म्हणालो, यंदा डोंगरावरून तूच उतरवल्यास ना. तो म्हणाला, ते वेगळं. मग आपली मेंढी घेऊन निघाला, आणि मेंढी निघेना. दारापर्यंत आली, बाहेर नाक काढले आणि मागे फिरली. त्याने ओढले, मी ढकलले, मोरिमोतोंनी बिस्कीट दाखवले. आकाश निळे होते. ब्रागीने एकदा आकाशाकडे पाहिले, एकदा मेंढीकडे, आणि टोपी खुंटीला अडकवून म्हणाला, ‘आईवर गेलीय. कॉफी टाक.’ पाहुण्यांचे जेवण होईतो वादळ आले. अजून चालू आहे. आज कोणी कुठे जाणार नाही. ब्रागी तुझ्या खुर्चीवर बसलेला आहे. मी त्याला सांगितले होते.

ता. क. ४. आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते लिहितो, कारण कागद संपत आला. मेंढी आणली त्या संध्याकाळी, मेणबत्त्या लावून आल्यावर, मी आनंदाच्या भरात शहरात घरमालकाला फोन करून माझी भाड्याची खोली सोडून दिली. म्हटले, ताई येणार, तिचा गुडघा नवा, हिवाळ्यात गवताचे भारे कोण उचलणार? म्हणजे डावा कान पाहण्याच्या आधी. त्यानंतर त्या खोलीत कोणी राहायलाही आले. तेव्हा तू लिफ्टच्या घरी गेलीस तर मला त्या लिफ्टमध्येच राहावे लागेल. तू आलीस तर मला वरची खोली पुरे. गवत मी टाकीन, देवळाची घंटा मी वाजवीन, कॉफी तू कर. माझी कोणाला आवडत नाही असे आताच मला सांगण्यात आले.

फ्लेकासाठी येऊ नकोस, ती नाही. तिची लेक तुझ्या मेंढवाड्यात तिच्या जागी उभी आहे आणि बाहेर निघत नाही, एवढेच मी शपथेवर सांगू शकतो. दोन्ही कान पाहून.

ता. क. ५. ब्रागीने पेन मागितले आहे. खाली त्याचे अक्षर आहे. मी वाचलेले नाही. पाकीट ओदिलबाईंनी बंद केले.

हाल्डोरा, कुंपण माझ्याच मेंढ्यानं ओलांडलं होतं. मी बघत होतो. कॉफी वाईट आहे. ये.
— ब्रागी